हयातीचा दाखला

माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला नुसतं जिवंत असणं पुरत नाही, हे नोव्हेंबरमध्ये कळतं. जळगाव काय, धुळे काय, त्या महिन्यात बँकांच्या दारात निवृत्त मास्तर, तलाठी, हवालदार आणि त्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्या रांग लावून बसतात. आपण अजून आहोत असा दाखला वर्षातून एकदा द्यायचा, मग पेन्शन चालू राहतं. पूर्वी साहेबापुढे सही केली की भागायचं. 2014 पासून यंत्रावर अंगठा टेकवला की काम होतं म्हणतात. पण जन्मभर खडू, कुदळ नाहीतर जात्याचा खुंटा धरलेल्या अंगठ्यावरच्या रेषा सत्तरीनंतर यंत्राला दिसत नाहीत. समोर माणूस उभा आहे, खोकतो आहे, पंखा लावा म्हणून ओरडतो आहे, आणि यंत्र सांगतं आहे की जुळत नाही. ‘बाबा, दुसरा अंगठा ठेवा,’ असं काउंटरवरची मुलगी म्हणते. बाबा दहाही बोटं फिरवून पाहतात.

अशा रांगेत देवाचा विषय निघाला नाही तरच नवल. ‘आपलं आपल्याला सिद्ध करता येईना, देवाचं कोण करणार?’ असं एखादा म्हणतो. त्यावर मागून कुणीतरी अहिराणीत बजावतो, ‘देव शे ना भो! तो काय तुले इचारीसन राही का?’ आणि वाद मिटतो. वाद मिटवायची ही आमच्याकडची जुनी रीत आहे: उत्तर देत बसायचं नाही, विचारणाऱ्याला त्याची पायरी दाखवायची. तरी माझ्या डोक्यातून तो विषय जात नाही. देव आहे की नाही, हा थोरामोठ्यांचा प्रश्न झाला. माझा त्याहून लहान आहे. समजा, कुणी पुरावा आणलाच, तर तो कसला असला म्हणजे आपल्याला पटेल?

कागदापासून सुरुवात करू. कागदाच्या बाबतीत देवाची बाजू आपल्यापेक्षा भक्कम आहे. देवस्थानाच्या जमिनीचा सातबारा काढून पाहा. भोगवटादार म्हणून देवाचं नाव, आणि सोबत ‘देवस्थान इनाम, वर्ग 3’ अशी नोंद. ज्याच्या नावावर जमीन आहे, त्याच्या असण्याबद्दल शंका घ्यायची आपल्या गावाकडे पद्धत नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की अशा जमिनीचा मालक देव. पुजारी व्यवस्था पाहणारा, मालकाच्या रकान्यात त्याचं नाव नको. कायद्याच्या लेखी देवता ही व्यक्ती आहे. तिला मालमत्ता घेता येते, दावा लावता येतो, हरताही येतो. फक्त ती कायमची अल्पवयीन धरली जाते, म्हणून तिच्या वतीने बोलायला कुणी मोठं माणूस लागतं. अनादि, अनंत आणि तरीही अठराच्या आत, अशी ही अवस्था आहे.

1925 साली तर कलकत्त्याच्या मलिक घराण्यातली भाऊबंदकी थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचली. पूजेची पाळी आली की कुलदैवत आपल्या घरी हलवता येतं की नाही, असं ते भांडण. न्यायमूर्तींनी सांगितलं की कुठे राहायचं याबाबत देवतेचीही इच्छा लक्षात घेतली पाहिजे, आणि ती मांडायला तटस्थ माणूस नेमावा. देव आहे का, असं साहेबाने विचारलंच नाही. त्याला काय वाटतं, तेवढं विचारलं. भाऊबंदांपैकी कुणाला हे सुचलं नव्हतं.

आपल्या घटना समितीत मात्र देवाला मतदानाला सामोरं जावं लागलं. 17 ऑक्टोबर 1949 रोजी ह. वि. कामत यांनी सूचना मांडली की घटनेच्या प्रास्ताविकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामत ऐकेनात. मतं मोजली: बाजूने 41, विरुद्ध 68. इतक्या फरकाने पडलेला उमेदवार आपल्याकडे पुढच्या खेपेला हमखास निवडून येतो. देव पुन्हा उभाच राहिला नाही. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत मात्र त्याची सोय झाली. मंत्री आजही ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेऊ शकतात, आणि ज्यांना ते नको त्यांना ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणता येतं. दोन्ही वाटा खुल्या ठेवून घटनाकारांनी काम उरकलं.

या सगळ्या कागदांत एक मेख आहे. ते देवाला धरून चालतात, सिद्ध करत नाहीत. कागदाशिवाय बोलायचं नाही, हे मराठी इतिहासाला ज्यांनी शिकवलं ते वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांचं दप्तर तिथल्या राजवाडे संशोधन मंडळात जपलेलं आहे. कागद हाती आला की इतिहासकार पहिली शंका घेतो: हा लिहिला कुणी, आणि त्यात लिहिणाऱ्याचा फायदा काय? देवाच्या सातबाऱ्याला ही शंका लावली, तर देवाच्या अस्तित्वाविषयी फारसं कळत नाही. पुजारी, कूळ आणि तलाठी यांच्या अस्तित्वाविषयी भरपूर कळतं.

कागदाने भागत नाही म्हटल्यावर विद्वानांकडे जावं, तर त्यासाठी काशीला जायची गरज नाही. खानदेशात हा प्रश्न पगार देऊन विचारला गेलेला आहे. अमळनेरचे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीचा भोंगा वाजला की कामगार मागावर जायचे आणि तत्त्वज्ञ ब्रह्मावर. प्रताप हायस्कुलात शिक्षक होण्याआधी साने गुरुजी इथेच शिकायला आले होते. घ. र. मलकानी, रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती अशी मंडळी बोरी नदीच्या काठी बसून वाद घालायची, आणि ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ नावाचं इंग्रजी त्रैमासिक अमळनेरहून जगभर जायचं. या तिघांनी मिळून 1933 साली एक ग्रंथ काढला. त्याचं नाव ‘अज्ञान’. वेदान्तात हा फार गंभीर विषय आहे आणि ग्रंथही तोलामोलाचा. तरी ज्ञानासाठी संस्था काढणाऱ्या शेठजींच्या हाती तो पडला असेल तेव्हा हिशेबाची वही जरा वेळ उघडीच राहिली असेल, असं मला उगाच वाटतं.

पुरावा मागणं हे परदेशातून आलेलं फॅड आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी अमळनेरला एक फेरी मारावी. आपल्याकडे देव मानण्याआधी प्रमाणं मोजायची पद्धत होती. नैयायिक चार प्रमाणं मानत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकाला पहिल्यापलीकडे काही मान्य नव्हतं. मीमांसकांचं तर विशेषच. वेद मानायचे, यज्ञ मानायचे, आणि हे सगळं चालवायला ईश्वर लागत नाही असंही सांगायचे. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहून ईश्वराची बाजू मांडली. मडकं दिसलं की कुंभार असणारच, तसं जग दिसतं आहे तर कर्ताही असणार, हे त्या वादाचं एक सूत्र. यांच्याच नावावर एक आख्यायिका आहे. उदयनाचार्य पुरीला दर्शनाला गेले, तर देवळाचं दार बंद. तेव्हा ते जगन्नाथाला म्हणाले, आज ऐश्वर्याच्या मदात मला ओळखत नाहीस, पण उद्या बौद्ध वाद घालायला आले की तुझं अस्तित्व माझ्याच हाती आहे. वकिलाने अशिलाला फीची आठवण करून द्यावी तसा हा प्रकार. पण आस्तिक असावा तर असा. पुराव्याचं ओझं कुणावर आहे, हे त्याला नीट ठाऊक होतं.

आमच्या लोकांचा भरवसा मात्र चार्वाकाच्या प्रमाणावर. डोळ्यांनी दिसलं पाहिजे. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार, त्या दिवशी ते दिसलं. गणपती दूध पितो आहे, अशी वार्ता सकाळी दिल्लीकडून निघाली आणि बसच्या आधी गावोगाव पोचली. लोटे, वाट्या, चमचे घेऊन देवळांपुढे रांगा लागल्या. चमचा सोंडेशी जरा कलता धरला की दूध खरोखरच कमी व्हायचं. शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा पृष्ठताणाचा खेळ आहे. सोंडेच्या टोकाला थेंब ओढला जातो आणि पातळ ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरतो, पांढऱ्यावर पांढरं म्हणून दिसत नाही. दुधात रंग घालून त्यांनी ओघळ दाखवूनही दिला. पण रंगीत दूध घेऊन रांगेत उभा राहणार कोण? दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी गणपती दूध पिईनासे झाले, आणि ‘एका दिवसात पोट भरलं’ असं उत्तर तयार होतं.

मला त्या प्रसंगात पृष्ठताणापेक्षा वेगळीच गोष्ट खटकते. समजा, शास्त्रज्ञ चुकले. समजा, दगड खरंच दूध प्याला. त्यातून सिद्ध काय झालं? दगड दूध पितो, एवढंच. तिथून ‘या विश्वाला कर्ता आहे, तो न्यायी आहे, आणि त्याला आमच्या घरची काळजी आहे’ इथपर्यंतचा रस्ता पुष्कळ लांबचा, आणि तो कुणी बांधलेला नाही. आपण चमत्कार दिसताच मुक्कामाला पोचल्यासारखे चपला काढून बसतो.

बारागाड्यांचंही तेच. खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मरीमातेच्या यात्रेला बैल सोडून बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. गाड्यांत माणसं खच्चून भरलेली. पुढे भगत, अंगाला हळद, कमरेला गाड्या जोडलेल्या. दोन्ही बाजूंना त्याला धरणारे बगले. देवीचा जयजयकार होतो आणि भगत गाड्या ओढत निघतो. ज्याने हे पाहिलं आहे तो छातीवर हात ठेवून सांगेल की अंगावर काटा येतो. गावातले विज्ञानाचे सर पारावर बसून समजावतात, की चाकं आहेत, आसाला वंगण आहे, रस्त्याला किंचित उतार आहे, बगल्यांचा जोर आहे. जड जातो तो पहिला हिसका, चाक फिरलं की पुढचं सोपं. त्यावर ‘मग सर, तुम्ही ओढून दाखवा’ असं कुणी म्हटलं की सर कमरेचा पट्टा दाखवतात. पुढच्या वर्षी हेच सर नातवाला मांडीवर घेऊन सातव्या गाडीत बसलेले दिसतात. त्यांचं म्हणणं बदललेलं नसतं. समजावणं वेगळं आणि गाडीत बसणं वेगळं. आमच्याकडे ही दोन खाती आहेत, आणि यात्रेच्या दिवशी ती एकमेकांना अडवत नाहीत. अडवायची वेळ येते ती कुणी चाकाखाली येतो तेव्हा. असे अपघात झाले आहेत, आणि तेव्हा देवी कुठे होती हे विचारायला पारावर कुणी थांबत नाही.

चमत्काराची किंमत किती, याचा निकाल खानदेशात फार पूर्वी लागलेला आहे. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर स्वार, हातात सापाचा चाबूक, निघाला आळंदीच्या पोरांना भेटायला. पोरं भिंतीवर बसली होती. ज्ञानेश्वरांनी भिंतच चालवली आणि चांगदेवाचा ताठा उतरला. कीर्तनकार इथे टाळ्या घेतात. पुराव्याच्या दृष्टीने मात्र ही कुस्ती बरोबरीत सुटली. एकाने वाघ चालवला, दुसऱ्याने भिंत. देव दोघांनीही दाखवला नाही.

खरा निकाल त्या कथेतल्या पत्राशी लागतो. भेटीआधी चांगदेवाने पत्र लिहायला घेतलं. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर समोरचा ज्ञानी. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर मिसरूड न फुटलेला. मायना सुचेना, म्हणून कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई हसली, की एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी उत्तर पाठवलं, ते पासष्ट ओव्यांचं: ‘चांगदेव पासष्टी’. त्यात एक दृष्टान्त आहे. मिठाचा खडा पाण्याची खोली मोजायला पाण्यात उतरला आणि मोजणाराच उरला नाही, मग माप सांगणार कोण? देवाचा पुरावा मागणाऱ्याला याहून नेमकं उत्तर मी वाचलेलं नाही. अडचण एवढीच की ते कोणत्याही कचेरीत दाखल करता येत नाही. जो गेला तो विरघळला, आणि जो सांगायला परत आला तो गेलाच नव्हता. साक्षीदार फोडण्याचे प्रकार कोर्टात चालतात. साक्षीदार विरघळण्याचा हा एकच. पुढे चांगदेवाने मुक्ताबाईला गुरू केलं. तिची समाधी त्याच तालुक्यात आहे, आणि एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्या नावाने. वाघावर बसून पुरावा द्यायला निघालेला माणूस शेवटी हसणाऱ्या मुलीपुढे बसला, ही आमच्या जिल्ह्याची नोंद समजावी.

त्याच जिल्ह्यात दुसरा एक चांगदेव होऊन गेला. हा वाघावर बसत नव्हता, आकडेमोड करत होता. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शके 1128 चा शिलालेख आहे. यादवांच्या दरबारातला ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याची ती नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात ती उजेडात आणली. आजोबांनी ‘बीजगणिता’त खहर राशीची ओळख करून दिली आहे. संख्येला शून्याने भागलं की ही राशी येते. तिच्यात कितीही मिळवा, कितीही वजा करा, तिला फरक पडत नाही. हे समजावताना भास्कराचार्य म्हणतात की प्रलयात सगळे जीव विष्णूत शिरले काय आणि सृष्टीच्या वेळी बाहेर आले काय, तो अच्युत जसा बदलत नाही, तशीच ही राशी. आपण गणिताने देव सिद्ध करायला निघतो. त्या काळी देवाने गणित समजावत होते. ज्याला देव माहीत त्याला अनंत शिकवायचं, असा क्रम. आजचा गणिताचा मास्तर शून्याने भागू देत नाही, गुण कापतो. देवाचं आणि खहराचं शाळेतलं उत्तर आता एकच झालं आहे: हे परीक्षेला येणार नाही.

मग सामान्य माणसाने काय करावं? तो प्रयोग करतो. त्या प्रयोगाला नवस म्हणतात. धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरा देवीचं देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेला खानदेशभरातून कुळं येतात, पोरांची जावळं निघतात, बोललेले नवस फेडले जातात. नवसाची भाषा प्रयोगशाळेला शोभेल अशी नेमकी असते: अमुक झालं, तर तमुक करीन. अट आधी, मोबदला नंतर, उचल नाही. इतका सावध करार माणूस आपल्या व्यापाऱ्याशीही करत नाही.

पण त्या करारात एक कलम राहून गेलेलं असतं. न झालं तर काय? ग्रीसमध्ये डायागोरस नावाचा नास्तिक होता. सिसेरोने त्याची गोष्ट सांगितली आहे. देवळात टांगलेली चित्रं दाखवून एक मित्र त्याला म्हणाला, हे पाहा, वादळात नवस बोलून वाचलेल्यांची ही चित्रं. अजून देव नाही म्हणतोस? डायागोरस म्हणाला, बुडालेल्यांची चित्रं कुठे लावली आहेत? पांझरेच्या काठीही हेच. फळलेला नवस वाजतगाजत येतो, जेवणावळ घालतो, टेम्पो भरून पाहुणे आणतो. न फळलेला नवस साध्या गाडीने घरी परत जातो आणि पुन्हा बोलला जातो. त्याची पावती फाटत नाही.

नास्तिकांचंही याहून फार निराळं नाही. डॉ. अब्राहम कोवूर यांनी 1963 साली श्रीलंकेतून जाहीर केलं, की फसवणूक होणार नाही अशा अटींवर चमत्कार करून दाखवा आणि लाख रुपये न्या. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही लाखो रुपयांचं असंच आव्हान ठेवलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर सतत सांगत की समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीशी आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि पुरावा मागणं हे आपल्याकडे किती जोखमीचं काम आहे ते सगळ्यांना दिसलं. ते आव्हान मात्र मला नेहमी ओळखीचं वाटत आलं आहे. अमुक करून दाखवलंस, तर इतके लाख वाहीन! हा विवेकवाद्यांनी जाहीरपणे बोललेला नवसच आहे, आणि आजतागायत तो फेडायची पाळी आलेली नाही. फरक आहे तो इमानदारीचा. या नवसात कसोटी कोणती, पाहणारे कोण, चलाखी धरायची कशी, हे सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. पुरावा पटणं हे पुराव्यावर थोडं आणि आपण आधी काय कबूल केलं होतं त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. मी ओळखीच्या लोकांना दोन प्रश्न विचारत असतो. काय घडलं तर देव मानाल? आणि काय घडलं तर सोडाल? पहिल्याला उत्तरं भराभर येतात. यावलकडचे एक केळीवाले मामा म्हणाले, ‘घड कापायच्या दिवशी जाहीर झालेला भाव व्यापाऱ्याने तसाच हातावर ठेवला, तर देव आहे.’ धुळ्याच्या एका काकूंची अट नळाला रोज पाणी येण्याची. पेन्शनवाले आबा म्हणाले, ‘माझा अंगठा पहिल्या झटक्यात जुळू दे.’ दुसरा प्रश्न विचारला की सगळे चहाकडे वळतात. आस्तिक म्हणतो, तसं काही घडूच शकत नाही. नास्तिकाला पहिला प्रश्न विचारा, तोही हेच म्हणतो: आकाशात अक्षरं उमटली तरी मी आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईन. दोघेही आपापल्या जागी पक्के. निकाल काहीही लागला तरी ऐकायचा नाही असं ठरलेलं असेल, तर पुरावा मागण्यात काय अर्थ आहे? ती नुसती तारीख घेणं झालं.

तारखेवरून आठवलं, देवाच्या अस्तित्वाचा एक प्रयोग आपल्याकडे सरकारी खर्चाने रोज चालतो. न्यायालयात साक्षीदार उभा राहतो आणि ईश्वरसाक्ष खरं सांगेन असं म्हणतो. समोर सर्वज्ञ साक्षीदार हजर आहे, असं मनापासून वाटत असतं, तर दिवाणी दावे एका उन्हाळ्यात संपले असते. तसं काही होत नाही. भस्म लावून, गंडा बांधून, त्याच सकाळी देवळात जाऊन आलेला माणूस पिंजऱ्यात उभा राहून सरळ सांगतो की बांध पहिल्यापासून इथेच होता. मला वाटतं, 1949 नंतर देवावरचं खरं मतदान या पिंजऱ्यांतून चाललं आहे, आणि तिथले आकडे घटना समितीपेक्षा बिकट असावेत.

बांध म्हणजे काय ते शेतकऱ्याला सांगायला नको. दर पेरणीला नांगराचं एक तास बांधात शिरतं. बांध कोरला जातो, वर्षभरात वीतभर, पिढीभरात वाव. सख्खे भाऊ बोलेनासे होतात, मुली आखाजीला माहेरी येतात तेव्हा कोणत्या दारात उतरायचं हे ठरवता येत नाही, आणि दोन्ही घरांत देव्हारा असतो. म्हणून, पुरावा मागायचा तर आधी कसोटी सांगावी या न्यायाने, माझी कसोटी मी सांगून टाकतो.

एखाद्या भावाने आपण होऊन बांध हातभर मागे घेतला पाहिजे. दावा चालू नसावा. मोजणीची नोटीस आलेली नसावी. माणूस आजारी नसावा, निवडणुकीला उभा नसावा, पोरीच्या लग्नासाठी भावाची गरज पडलेली नसावी. बायको-मुलांनी वेड्यात काढल्यावरही त्याने तो मागे घ्यावा. कारण विचारलं तर एवढंच म्हणावं, की कुणी पाहत नव्हतं हे खरं नाही. ज्ञानेश्वरांनी चालवली ती भिंत कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती. बांध मागे नेणं त्याहून कठीण आहे. आस्तिकाला त्यात देव दिसेल. विज्ञानाचे सर म्हणतील, ही माणसाची सदसद्विवेकबुद्धी, देवाचा संबंध नाही. त्यांनी खुशाल वाद घालावा, अमळनेरला जागा आहे.

असा बांध कुणाच्या पाहण्यात असेल तर गटनंबरासह कळवावं. मोजणीची फी मी भरतो. मोजणी खरी निघाली तर नारळही माझाच. तो एकवीरेच्या पायरीवर फोडायचा की त्या भावाच्या दारात, ते जागेवर ठरवू. काय घडलं नाही तर देव सोडीन, हा दुसरा प्रश्न मलाही कुणी विचारेल, हे मी धरून चाललो आहे. त्यासाठी मुदत घालावी लागेल. ती मी घातलेली नाही. नवसाला नसते.